बिनकामाची ओळ

लोधीपुऱ्यातली वंदना दोन वर्षं दुसऱ्यांचा कचरा काढत होती, तोही फुकट. कचरा संगणकातला. कुठल्याशा कंपनीने नेटवर्क कार्ड बाजारात आणलं आणि ते चालवणारा ड्रायव्हर, म्हणजे संगणक आणि कार्ड यांच्यातला दुभाष्या, घाईघाईत लिहून जगापुढे टाकून दिला. ऑपरेटिंग सिस्टिम फुकटवाली, जगभरच्या लोकांनी मिळून सांभाळलेली. तिथे असला गबाळा कोड थेट माजघरात घेत नाहीत. आधी ओसरीवर बसवतात. कोणी त्याला न्हाऊ-माखू घातलं तर आत, नाहीतर रस्त्यावर. २०१० साली हे काम वंदनाने अंगावर घेतलं. सकाळी शाळेत मुलांना संगणक शिकवायचा, दुपारी हे.

सून दुपारभर काय करते, असं गोदाबाईंनी विचारलं, तेव्हा सुरेशने सांगितलं की बायको सफाई करते. सासूबाईंनी घराच्या कोपऱ्यांकडे एकदा पाहिलं आणि स्वतःच केरसुणी उचलली.

कोडातली कोणी न वापरणारी, मेलेली फंक्शनं, पाच-पाच ठिकाणी उतरवलेला तोच मजकूर. वंदनाने सव्वाशे बदल पाठवले, प्रत्येकाखाली आपली सही. आणि कार्ड? ते तिने डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं. कोड कम्पाइल झाला, म्हणजे संगणकाने वाचून कुरकुर केली नाही, की पास. न पाहिलेल्या नवऱ्याशी संसार मांडायची रीत आपल्याकडे होतीच; बाईंनी ती कार्डापर्यंत नेली.

एक ओळ तर तिने फार तोऱ्यात काढली. ती ओळ कार्डाला काहीतरी विचारी आणि आलेलं उत्तर सरळ फेकून देई. उत्तर वापरायचं नाही तर विचारता कशाला, असा शेरा वंदनाने मारला. सांभाळणाऱ्यांपैकी चौघांनी वाहवा केली.

२०१२ साली ड्रायव्हर आत घ्यायचं ठरलं, आणि नेमकं तेव्हाच दूरदेशीच्या एका गृहस्थाचं पत्र आलं: जुना कोड चालतो, साफ केलेला पाच मिनिटांत मान टाकतो. सांभाळणाऱ्यांचा मुखिया कडक. पंधरा दिवसांत दोष सापडला तर ठीक, नाहीतर ड्रायव्हर बाहेर. दोन वर्षं पाण्यात.

आता कार्ड शोधणं आलं. ते निघालं सिंधीपुऱ्यात, भिकनच्या सायबर कॅफेत. म्हणजे इतके दिवस दहा मिनिटांच्या वाटेवर होतं. भिकनने एक मशीन दुपारपुरतं दिलं. रीत सोपी: बदलांच्या यादीच्या मधोमध जायचं, तिथवरचा कोड चालला तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही चालला तर मागच्या. मग त्या अर्ध्याचं अर्धं. वंदनाची खात्री होती, सफाईने कंपनीचाच जुना घोळ उघडा पडला असणार. सातव्या खेपेला एकच बदल उरला. तोच, तोऱ्याचा.

भिकन मागून वाकून पाहत होता. "कोणाची गलती निघाली, ताई?"

"माझी."

"मंग कंपनीची लिहून द्या ना. इथे कोण पाह्यला येऊन राह्यलं?"

सल्ला वाईट नव्हता. ती ओळ कशाला होती, हेही वंदनाला आता उमगलं. कार्डाला दिलेला हुकूम वाटेत रेंगाळतो. उत्तर मागितलं, की आधीचे हुकूम पोचल्याशिवाय ते येत नाही. उत्तराचा उपयोग नव्हताच, विचारण्याचा होता. कंपनीच्या त्या गबाळ्याला हे ठाऊक होतं, लिहून ठेवायची अक्कल नव्हती. वंदनाला लिहिता येत होतं, ठाऊक काही नव्हतं. दोघं मिळून एक बरा माणूस झाला असता.

ओळ इतर दहा बदलांत गुपचूप सरकवता आली असती. तसं पत्र वंदनाने अर्धं लिहिलंही. पण नुसती ओळ ठेवली, तर उद्या दुसरी कोणी हुशार बाई ती पुन्हा काढणार. कारण लिहायचं, तर ते कसं कळलं हेही लिहिणं आलं. तिने अर्धं पत्र पुसलं आणि नवं लिहिलं: "ही ओळ मी काढली. कार्ड न पाहता काढली. चूक माझी." ओळीच्या डोक्यावर तिचं काम काय, तेही लिहून ठेवलं.

मुखियाचं उत्तर एका शब्दाचं आलं: घेतलं. ड्रायव्हर माजघरात गेला. बक्षीस म्हणून सांभाळणाऱ्यांच्या यादीत वंदनाचं नाव चढलं. म्हणजे जगात कुठेही ते कार्ड रुसलं, की तक्रार लोधीपुऱ्यात. पहिली चौथ्याच दिवशी आली, चांगली उद्धट. उत्तर लिहायला वंदना बसली, दोन शब्द झाले, उठली. पायात चप्पल सरकवली आणि आधी सिंधीपुऱ्याची वाट धरली.