पाटलांची गोड विहीर

केशवराव मास्तर मोठे निर्व्यसनी. ‘हो’ म्हणण्याखेरीज त्यांना दुसरं व्यसन नव्हतं. त्याच बळावर ते दर्यापूर तालुक्यातल्या एका शाळेचे हेडमास्तर झाले आणि शाळा कमिटीचे अध्यक्ष नत्थुजी पाटील यांच्या मर्जीत टिकले. मुलूख खारपाणपट्ट्याचा, विहिरी मचूळ. पण पाटलांची तेवढी गोड, असं गावानं ठरवून टाकलं होतं. शाळेचा माठ पाटलांना न विचारताच तिथे भरायचा. मास्तर तोंड वाकडं न करता ते पाणी पीत आणि ‘अमृत’ म्हणत.

त्या वर्षी नागपूरहून फर्मान निघालं: चौथीच्या मुलांनी आपणच प्रश्न निवडावा, आपणच चौकशी करावी आणि तपासणीला येणाऱ्या डिप्टीसाहेबांपुढे मांडावी. मुलांनी आपणच निवडायचा ‘कापसाचे उपयोग’ हा प्रश्न मास्तरांनी तयार ठेवला होता. पण माळ्याच्या पार्बताबाईची शालू म्हणाली, ‘गुर्जी, गोड पानी कोनाच्या इहिरीले हाय, हे आमी पाहून राहिलो. सगळ्या चाखून झाल्या.’

‘कोणाचं निघालं?’

‘आमच्या मळ्यातलं. गोदाकाकू पाटलीन रोज आमच्याच इथून नेते. पाटलाले सांगू नोको म्हनते. त्यायची इहीर तं खारट हाय.’

मास्तरांनी आधी दार लोटून घेतलं. पाटील रुसले की बदली थेट मेळघाटात. ‘नाव कोणाचं घेऊ नको, बाई,’ ते काकुळतीनं म्हणाले.

म्हणून तपासणीच्या दिवशी शालूनं डिप्टीसाहेबांपुढे नुसते दोन तांबे ठेवले. साहेबांनी चाखायचा मान अध्यक्षांना दिला. पाटील एकातलं प्यायले, मिशा पुसल्या. ‘हे माह्या इहिरीचं. जिभेले लगेच कयते.’ दुसऱ्यातला घोट त्यांनी खिडकीबाहेर थुंकला. ‘अन् हे कोनाचं हो?’

सगळी शाळा मास्तरांकडे पाहू लागली. शालूनं तोंड उघडलं, तोच मास्तर म्हणाले, ‘शाळेच्या माठातलं आहे, पाटील.’ खरं बोलूनही माणूस वाचतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

पाटलांना गहिवरून आलं. ‘इतक्या वर्सांपासून हे पिऊन राहिले तुमी? सांगतलं काहून नाही? उद्यापासून माह्या इहिरीवर माठ भरा.’

‘हो,’ मास्तर म्हणाले. साहेबांनी चौकशी उत्तम झाल्याचा शेरा मारला.

दुसऱ्या दिवशी माठ नेहमीच्याच विहिरीवर भरला. पाटलांनी वाटेवरूनच विचारलं, ‘काहो मास्तर, आता कसं लागते पानी?’

‘अमृत,’ मास्तर म्हणाले. त्यांना पोरीपुढे फार लाज वाटली, आणि तिनं मळ्यातून आणून दिलेला तांब्या त्यांनी पायानं टेबलाखाली सरकवला.