प्रज्ञाची किती रोटेशन?

“मॅडम, तीन तर हून राह्यले. चौथं पण पक्कं करून टाकू का?”

साळवे सर माझ्या केबिनमध्ये उभ्यानंच बोलत होते. बाहेर ओपीडीत पोरं रडत होती. सर परतूरला शाळेत विज्ञान शिकवतात. शेजारी त्यांची मुलगी प्रज्ञा, मान खाली घालून. एमबीबीएसची परीक्षा झालेली, इंटर्नशिप चालू, आणि अमेरिकेत रेसिडेन्सी करायचं डोक्यात. रेसिडेन्सी म्हणजे तिकडचं पीजी.

मी जालन्यात लहान मुलांची डॉक्टर आहे. माझी रेसिडेन्सी तिकडंच झाली, त्यामुळं आमच्या भागातलं कुणी जायचं म्हटलं की आधी माझ्याकडं येतं. तिकडं नुसत्या मार्कांवर सीट मिळत नाही. हॉस्पिटल इंटरव्ह्यूला बोलावतं, आणि त्याआधी तिथल्या डॉक्टरांनी तुमच्याबद्दल चार बरे शब्द लिहावे लागतात. ते लिहायचे तर त्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलेलं हवं. म्हणून महिनाभर त्यांच्या वॉर्डात जाऊन राबायचं. याला म्हणतात रोटेशन.

“जितके जास्त तितकं बरं,” सर म्हणाले. “कुठं ना कुठं तर लागंलच.”

“सर, रोटेशन म्हणजे महिनाभर चाललेला इंटरव्ह्यू. चार ठिकाणी कसंबसं करण्यापेक्षा दोन ठिकाणी नीट करू द्या. आणि जितके महिने ती बाहेर, तितकी तिची इंटर्नशिप लांबणार.”

खरी अडचण हीच होती. तिकडची रेसिडेन्सी जुलैत सुरू होते आणि तोपर्यंत डिग्री हातात असावी लागते. दोन महिने बाहेर काढले तर जमत होतं. तिसऱ्या महिन्याला वर्षच हातचं जात होतं.

“प्रज्ञा, तुला काय वाटतं?”

“तुम्ही म्हणाल तसं, मॅडम.”

मी दोन म्हणाले. दोन ठरली. पोरगी गुणी आहे, असंही मनात म्हणाले.

पहिलं रोटेशन अर्ध्यावर आलं आणि तिकडून तिचा फोन आला. रडत होती. तिथल्या युनिटच्या बॉसनं तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, तुला या कामात इंटरेस्ट नाही का?

“तू राउंडला काय करतेस, ते सांग.”

“सगळ्यांच्या मागं उभी राहते. सर विचारतील तेव्हा सांगते.”

“आणि पेशंटचं पुढं काय करायचं, असं विचारलं तर?”

“म्हणते, तुम्ही सांगाल तसं, सर.”

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडं राउंडला इंटर्ननं बॉसच्या आधी तोंड उघडलं तर ‘फार शहाणी झाली’ म्हणतात. मागं उभं राहणं, विचारल्याशिवाय न बोलणं, याला आपण अदब म्हणतो. तिकडं त्याचा अर्थ एकच. हिला काही येत नाही, किंवा हिला काही पडलेली नाही. प्रज्ञाला येत सगळं होतं. आपण तिला बोलायचंच शिकवलं नव्हतं.

मग आम्ही रोज फोन सुरू केला. तिची संध्याकाळ म्हणजे माझी सकाळ, ओपीडी उघडायच्या आधीची. मी एक पेशंट सांगायची, आणि काय करायचं ते तिनं सांगायचं. ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हटलं की मी फोन ठेवून देणार, अशी अट. पहिल्या दिवशी दोनदा ठेवला.

एकदा म्हणाले, “भोकरदनचं पोर आहे, तीन वर्षांचं. सर्दी, खोकला, थोडा ताप. मी अँटिबायोटिक दिलं.”

ती बारीक आवाजात म्हणाली, “मॅडम, धाप आहे का?”

“नाही. छाती साफ आहे. केबिनभर पळत होतं.”

“मंग मला न्हाई वाटत अँटिबायोटिक लागतं म्हणून.”

मी मुद्दामच चुकीचं सांगितलं होतं. तरी एका इंटर्नच्या तोंडून ते ऐकून क्षणभर राग आलाच. सवय माझ्याही अंगात मुरलेली आहे, दुसरं काय.

त्याच आठवड्यात साळवे सरांचा फोन आला. तिसऱ्या हॉस्पिटलला लगेच कळवायचं होतं. “एक तर बिघडल्यासारखंच झालं ना, मॅडम. भरपाईला तिसरं घेऊन टाकू का? एक वर्ष गेलं तर जाऊ द्या.”

खरं सांगते, मीही डगमगले. पहिल्यावर पाणी पडलं तर हातात एकच उरत होतं, आणि दोन म्हणणारी मीच होते. म्हटलं, तिलाही फोनवर घेऊ. घेतलं. मी म्हणाले, “प्रज्ञा, घेऊन टाकावं की काय तिसरं?”

“न्हाई,” ती म्हणाली. “मॅडम, पप्पा, मी तिसरं करत न्हाई. वर्ष बिलकुल घालवायचं न्हाई मला. इथले दिवस उरलेत अजून. मी करते बराबर.”

सर ‘बरं’ एवढंच म्हणाले. मी फोन ठेवला आणि डोळे पुसले. बाहेरची सिस्टर म्हणाली, मॅडम, पहिला नंबर पाठवू का?

दुसरं रोटेशनही तिनं चांगलं केलं. इंटरव्ह्यूची बोलावणी फार आली नाहीत, पण दोन्ही हॉस्पिटलांची आली. मार्चमध्ये निकाल लागला. सीट पहिल्याच हॉस्पिटलात मिळाली, त्याच बॉसच्या युनिटमध्ये. इंटरव्ह्यूत तो तिला म्हणाला होता, पहिले दिवस मला वाटलं ही बोलणारच नाही, नंतर वाटलं हिला थांबवायचं कसं.

साळवे सर पेढे घेऊन आले. आनंदानं त्यांना खुर्चीतही बसवत नव्हतं. जाताना दारात थांबून म्हणाले, “मॅडम, चार केले असते तं याच्याहून मोठं हॉस्पिटल लागलं असतं का वो?”

आता कुणी रोटेशन किती करू विचारायला आलं, की सोबतच्या वडिलांना मी आधी चहाला पाठवते. मग मुलाला किंवा मुलीला विचारते, किती करायची? आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसते. माझ्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम तेच आहे.