रिक्षात सोनूला जागा नाही

सकाळचे सहा पन्नास. गल्लीत रिक्षाचा हॉर्न वाजला आणि माझ्या फजितीचा नारळ फुटला. बसा जरा, चहा घ्या. मलाही टेकायचंच आहे.

माझी सोनू पहिलीत. आम्ही सातपूरला राहतो. ह्यांची नाइट, बंडू अजून कडेवर, मग पोरीला शाळेत सोडणार कोण? शाळेची बस आहे म्हणा. पण मी पडले काळजीवाली! एवढ्या मोठ्या बसमध्ये पोर झोपून राहिलं, डेपोत गेलं, तर?

त्यापेक्षा रमेशभाऊ बरे. त्यांची कंपनी बंद पडली, म्हणून हप्त्यावर रिक्षा घेतली. तेव्हा रिक्षात मुलं दोनच. भाऊंचं तोंड एवढंसं. मला भरून आलं. बसवाल्याची भर करण्यापेक्षा गरिबाची चूल पेटू दे की!

झालं. नळावर, रेशनच्या रांगेत, हळदीकुंकवाला, जाईन तिथे माझं एकच. "भाऊंकडे द्या पोरं. अगदी घरचा माणूस!"

आणि बायकांनी ऐकलं हो! एरवी कोणी माझं ऐकतं?

आधी मागची सीट भरली. मग भाऊंनी समोर लाकडी फळी ठोकली. मग दप्तरं बाहेर हुकांना लटकली. त्या दिवशी हॉर्न वाजला म्हणून बाहेर येऊन बघते, तर आत पोरं अशी ठासलेली, जशा बरणीत लोणच्याच्या फोडी. सोनू बाहेर उभी.

"भाऊ, हिची जागा?"

"घेतो ना ताई माझ्यापुढे, हँडलपाशी."

"हँडलपाशी? आणि ब्रेक लागला म्हणजे? किती कोंबाल हो?"

"ताई, ही सगळी तुम्हीच तर धाडली. आता कुणाला उतरवू, तुम्हीच सांगा. मला हप्ता भरायचाय."

मी आत डोकावले. सगळी ओळखीची तोंडं. त्यातलं एक तर माझ्याकडे बघून हसलं! कुणाला उतरवणार?

मग मी भर गल्लीत ओरडले, "उद्यापासून कुणी पोरं पाठवू नका यांच्याकडे!"

समोरच्या कुसुमवहिनी दात घासत उभ्या होत्या. म्हणाल्या, "का गं, कमिशन थांबलं वाटतं?"

"कसलं कमिशन?"

"एवढा प्रचार काय फुकट केलास? आम्हाला काय कळत नाही?"

मी बंडूच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला गेले, तेवढ्यात भाऊ कळवळून म्हणाले, "ताई, चिडू नका! या महिन्यापासून सोनूचे पैसे मी घेणारच नाही!"

संपलं! माझ्या बाजूने बोलायला गेला माणूस आणि मला बुडवून मोकळा झाला. वहिनी नुसतं "हं" म्हणाल्या आणि चूळ भरायला आत गेल्या. त्या "हं"चा अर्थ मला विचारू नका.

मी ताठ्यात सोनूचा हात धरला आणि पायी निघाले. वाटलं, दोन दिवसांत सगळ्या येतील माझ्या मागे. कसल्या येतात! दुसऱ्या दिवशी सोनूच्या जागेवर वहिनींचा भाचा रिक्षात बसला.

आता रोज अर्धा तास जायचं, अर्धा तास यायचं. पाय तुटतात हो. त्यात पुढच्या गल्लीतली एक आई म्हणाली, "तुम्ही जाताच आहात, तर आमच्या पिंकीला न्या ना. महिन्याला देईन काहीतरी." मी नको नको म्हणत हो म्हटलं. मग पिंकीचा भाऊ आला. मग त्यांच्या शेजारचे दोघं. घरात तेलाचा डबा आपल्या कमाईने आला, की पुढच्याला नाही म्हणवत नाही, खरं सांगते.

काल मोठा रस्ता ओलांडत होतो. कडेवर बंडू, हाताला पिंकी, पिंकीच्या हाताला तिचा भाऊ, पदराला ते दोघं. आणि सोनू? ती सगळ्यांच्या मागे, पिंकीची वॉटरबॅग गळ्यात घालून पळत येत होती.

"आई, मला धर ना!"

"थांब गं बाई, माझा हात कुठे रिकामा आहे?"

बोलले आणि रस्त्याच्या मधोमध जीभ चावली. भाऊंना मी काय काय बोलले होते!

तर बायांनो, तुमच्या ओळखीपाळखीत एवढा निरोप पोचवा, की मी आता नवीन मूल घेणार नाही म्हणजे नाही. आणि कुणाची फारच अडचण असली, तर एखादं पाठवा. पण चालायला चपळ हवं.