लेथच्या पाया पडणारा

अंबडच्या कारखान्यात तो माझ्या शेजारच्या लेथवर होता. डब्यात काय भाजी आहे हेसुद्धा तो गेटवर भाषण केल्यासारखं सांगायचा, तळहातावर मूठ आपटत. संप सुरू झाल्यावर तर त्याच्या अंगात वारंच शिरलं.

मग साहेबांनी सांगून टाकलं, संप लांबला तर मशिनी उचलून चीनला नेऊ. चीनचं नाव तेव्हा नवीनच कानावर येत होतं. गेटवरच्या निम्म्या माणसांनी घोषणा देणं सोडलं. मीही.

"मशीन काय भाजीची पिशवी हाय, उचलली न् निघाले? बोल्टनी जमिनीत जखडलीय ती!" तो ओरडला.

तेवढ्यात खंडेनवमी आली. संप असला तरी मशीनची पूजा चुकवायची कशी? साहेबही पूजेला नाही म्हणू शकले नाहीत. एकालाच आत सोडायचं ठरलं, आणि हा झेंडूची माळ घेऊन पळत सुटला. शटर वर होतं, त्यामुळे गेटवरून सगळं दिसत होतं. त्यानं माळ घातली, नारळ फोडला आणि लेथच्या पायाशी आडवा पडला तो उठेचना.

"आज लय भक्ती!" कुणीतरी हसलं.

तो हात उंचावतच बाहेर आला. "पायाचे बोल्ट चाचपून आलो! समदे जाम हायेत! मशीन कुठं नाय जात! द्या घोषणा!"

गेट दणाणलं. ओरडून ओरडून माझा घसा बसला.

नंतर टपरीवर चहा घेताना तो माझ्या कानाशी वाकला. इतका हळू बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"दोन ढिले होते, भाऊ. हातानं जमले तेवढे आवळून आलो."