खंडेनवमीचं तेल

हायड्रोजनवर वीज तयार करणाऱ्या फ्युएल सेलमध्ये एक काळा कागद असतो. कार्बनच्या तंतूंचा, ठिसूळ, सगळा छिद्रांनी भरलेला. त्यातून वायू आत जायला हवा, तयार झालेलं पाणी बाहेर यायला हवं आणि उष्णताही. पण छिद्रांत हवा असते, आणि ती उष्णतेला सहजासहजी वाट देत नाही. नेमकी किती देते, हे मोजण्यात माझी पीएच.डी.ची वर्षं गेली. नगरच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवते, तिथल्याच प्रयोगशाळेत. नातेवाइकांनी विचारलं की मी सांगायचे, कागदातून ऊब किती जाते ते बघते. मग कोणी पुढं विचारत नसे.

कागद तांब्याच्या दोन ठोकळ्यांमध्ये दाबायचा. वरचा गरम, खालचा थंड. कटकट असते ती सांध्याची. ठोकळा आणि कागद दिसतात चिकटलेले, पण खरे टेकतात मोजक्याच जागी. तिथं उष्णता अडखळते. ही अडखळण मी आधी वेगळी मोजून ठेवली होती आणि प्रत्येक वेळी वजा करत होते. तरी माझे आकडे इतर संशोधकांच्या आकड्यांपेक्षा कमीच यायचे. सर, म्हणजे माझे गाइड, म्हणायचे, “पुन्हा बघा.” मी पुन्हा बघायचे.

त्या वर्षी खंडेनवमीला अण्णा कोपरगावहून एसटीनं आले. अण्णा म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात फिटर होते. पिशवीत झेंडू, हळदकुंकू आणि शिलाई मशीनच्या तेलाची कुपी. आमच्या घरी कोरड्या हत्याराला कुंकू लावत नाहीत. आधी तेलाचा हात फिरवायचा, मग पूजा. मी विभागात पेढे वाटत होते तोवर त्यांनी माझ्या यंत्राची पूजा उरकली होती. मनापासून, कोपऱ्याकोपऱ्यातून.

दसऱ्यानंतर आकडे वर गेले. अगदी सरांना हवे तिथं. अर्धवार्षिक अहवालात ते गेले, सरांनी प्रबंध लिहायला घ्या म्हणून सांगितलं. अण्णा गावभर सांगत सुटले की पूजेचा गुण आला. मीही हसून मान डोलवली. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

पण मग आकडे हळूहळू उतरू लागले. कागद तर स्वतःहून बदलत नाही. मी तांब्याचा ठोकळा पांढऱ्या रुमालानं पुसला आणि वास घेतला. आईच्या शिलाई मशीनचा वास. तेलानं सांध्यातल्या फटी भरल्या होत्या, उष्णता सुखानं उतरत होती आणि मी ते श्रेय कागदाला देत होते. कागद जसा तेल पीत गेला, तसा सांधा पुन्हा कोरडा पडला.

दिवाळीत अण्णांना सांगितलं. त्यांनी विचारलं, “तेलानं बरं जातंय तर ऱ्हाऊ द्यायचं की तेल?”

“छिद्रं बुजतात अण्णा. सेलमध्ये वायूच आत जाणार नाही.”

“व्हय,” म्हणाले आणि फराळाचं ताट बाजूला सारलं. त्यानंतर माझ्या यंत्राचं नाव त्यांनी काढलं नाही.

नवे कागद आणून सगळं पुन्हा मोजलं. आकडे होते तिथंच आले, कमी. प्रबंधात तेच घातले.

तोंडी परीक्षा सगळ्यांना खुली असते. अण्णा मागच्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून बसले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अहवाल आणि प्रबंध शेजारी ठेवले आणि इंग्रजीत विचारलं, त्या वेळी जास्त, आता कमी, असं कसं? यावर डिग्री अडू शकत होती. मी सांगितलं, ठोकळ्यांना ऑइल लागलं होतं. कोणाच्या हातून? माझ्या, मी म्हणाले. माय मिस्टेक.

अण्णांना इंग्रजी येत नाही. ऑइल आणि मिस्टेक एवढं त्यांना पुरलं. ते उभे राहिले.

“साहेब, त्याल म्या लावलं हुतं. पोरीचा हात न्हाई लागला. तिचं काम चोख हाय.”

सरांनी डोक्याला हात लावला. परीक्षकांनी चष्मा काढला, मागं वळून पाहिलं आणि मला विचारलं, हे कोण?

दोन तासांत तेवढ्या एकाच प्रश्नाचं उत्तर मी मराठीत दिलं. “माझे वडील. यंत्राची पूजा यांनीच केली होती.”