गुरुजींचा थरथरणारा ब्रेक

तमाम दुचाकीस्वार, त्यांच्या मागे जीव मुठीत धरून बसणारी मंडळी आणि मांडवात ताटकळणारे नवरानवरी यांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, केशव गुरुजींच्या मोटरसायकलचा पुढचा ब्रेक थरथरत होता. ही बाब कुणीही किरकोळ समजू नये.

त्या दिवशी भर दुपारी गुरुजी तुळजापुरातल्या माझ्या गॅरेजसमोर गाडीवरून उतरले. थोड्या वेळानं त्यांच्या सौभाग्यवती मागून पायी आल्या. हातात पूजेच्या सामानाची पिशवी.

"वहिनी, गाडी असून चालत?"

"ती गाडी व्हय? ती थांबताना आधी मला थांबवंल, मग स्वतः थांबंल!"

गुरुजी लग्नं लावतात. मंगलाष्टकांना वहिनींचाही सूर असतो, म्हणून या जोडीला गावोगाव मागणी. त्या संध्याकाळी घाटाखालच्या एका गावात गोरज मुहूर्ताचं लग्न होतं. त्याच गावातल्या आधीच्या लग्नाला ब्रेकच्या भीतीनं दोघं एसटीनं गेले होते. एसटी रेंगाळली. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले. शेवटी नवरीच्या मामानं मोबाईलवर मंगलाष्टकं लावली आणि लग्न उरकलं.

"आजचं लग्न त्याच भावकीत आहे," गुरुजी म्हणाले. "आज उशीर झाला, तर यापुढं त्या गावचा गुरुजी म्हणजे मोबाईल. गाडी नीट करा, नाहीतर विकून टाकतो."

"होतंय काय नेमकं?"

या प्रश्नाला गिऱ्हाईक सहसा "कसंतरीच करतीया" एवढंच उत्तर देतं. गुरुजींनी मात्र माझ्या टूलबॉक्सवर बोटं ठेवली. "वेगात ब्रेक दाबला की असं." बोटांनी टकटकटकटक वाजवलं. "वेग उतरला की असं." टक... टक... टक. "लिव्हर बोटांना ठोके देते. मागच्या ब्रेकला असलं काही नाही."

अशा माणसाची मेकॅनिक लोकांनी मिरवणूक काढायला हवी. ठोका चाकाच्या वेगाबरोबर जलद आणि संथ होतो, म्हणजे दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूत. निम्मं काम गुरुजींनी टूलबॉक्स वाजवूनच केलं होतं.

आता थोडं समजावून सांगतो. पुढच्या चाकाला स्टीलची एक चकती बोल्टनं बसवलेली असते. ती डिस्क. ब्रेक दाबला की कॅलिपरमधले दोन पॅड तिला दोन्हीकडून चिमटीत धरतात. डिस्क सरळ फिरली तर सगळं शांत. ती लचकत फिरली की पॅडना ढकलते, पॅड ऑइलला ढकलतात आणि ऑइल तुमच्या बोटांना.

मी गाडी कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली. ठोके हुबेहूब तसेच. मग पुढचं चाक उचललं आणि वर-खाली धरून हलवलं. बेअरिंग घट्ट. चाक फिरवलं, तर एकाच जागी पॅड खर्रकन घासायचं, बाकी फेरीभर गप्प. चाक धरणाऱ्या दांड्यांना, म्हणजे फॉर्कला, डायल गेज लावला. हे घड्याळासारखं यंत्र, डिस्क केसभर हलली तरी चुगली करतं. काटा इकडून तिकडं नाचायला लागला.

"डिस्क वाकलीय," मी म्हणालो.

"अहो, दसऱ्यालाच नवी टाकली!"

"आणि थरथर कधीपासून?"

"नवी टाकल्यापासूनच. तो मेकॅनिक म्हणाला, चालवा, सेट होईल."

म्हणजे आणखी एक डिस्क टाकायची? माझ्या मनाला पटेना. जिथं काटा सर्वांत वर जात होता तिथं मी चाकाच्या रिमवर खडूनं खूण केली. डिस्क खोलली आणि काउंटरच्या काचेवर सपाट ठेवली. कुठूनही डुगडुगली नाही. आरोपी निर्दोष!

मग मी चाकाच्या हबवर टॉर्च मारला. हब म्हणजे चाकाचा मधला भाग, ज्याला डिस्क टेकून बसते. खडूच्या खुणेच्या रेषेत, एका बोल्टशेजारी, लालपिवळा थर दिसला. वाळून सिमेंटसारखा झालेला. त्यात भरडलेला तांदळाचा दाणा.

"गुरुजी, हे काय?"

गुरुजी वाकले. "दसरा होता. जुनी डिस्क काढली होती, जागा मोकळी होती. म्हटलं, नवं यंत्र बसतंय..."

"पूजा केलीत?"

"यथासांग. हळद, कुंकू, अक्षता."

"आणि मेकॅनिकनं पुसलं नाही?"

"दसऱ्याच्या दिवशी कुंकू पुसायचं?" वहिनी कडाडल्या. "कोण पुसंल?"

खरंच, कोण पुसेल? त्या भल्या माणसानं हात जोडले असतील आणि तस्संच वर डिस्क ठेवून बोल्ट आवळले असतील. मध्याशी केसाएवढा उंचवटा. काठापर्यंत जाता जाता त्याचा झोका मोठा होतो. आता फडकं माझ्या हातात होतं, आणि माझाही हात पुढं जाईना.

वहिनींनी पिशवीतून अक्षता काढून गुरुजींच्या हातावर ठेवल्या. "पुसू नका. विसर्जन करा."

इतकी सुबक तोड मला जन्मात सुचली नसती. गुरुजींनी डोळे मिटले. मी घाईनं म्हणालो, "गुरुजी, विसर्जनात 'पुन्हा या' म्हणतात ना? तेवढं वगळा!"

"वगळत नाही," ते गालात हसले. "जागा बदलून या, असं सांगतो."

मग त्यांनी स्वतः पेट्रोलच्या फडक्यानं हब स्वच्छ केला. मी बारीक पॉलिश पेपर फिरवला. डिस्कची जाडी सगळीकडून मोजली, कारण असं लचकत फिरून ती एका बाजूनं झिजू शकते. सुदैवानं वाचली होती. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. गेज लावला. काटा जागचा हलेना.

माझ्यापुरता धडा एवढाच: डिस्क बदलण्याआधी ती जिथं टेकते ती जागा बघावी. आणि कुंकू पेट्रोलच्या टाकीवर लावावं, तिथं भरपूर जागा असते. त्या संध्याकाळी जोडी मुहूर्ताच्या आधी मांडवात पोचली आणि मामाचा मोबाईल खिशातच राहिला. पण मला लग्नापेक्षा ट्रायल जास्त आठवते.

वहिनी बसायला तयार नव्हत्या. आधी मी एक चक्कर मारून दाखवली, तेव्हा कुठं बसल्या. गुरुजींचा सदरा मुठीत आवळला आणि डोळे गच्च मिटले. दोघं कोपऱ्यापर्यंत गेले, वळून वेगात आले, आणि गॅरेजसमोर गुरुजींनी पुढचा ब्रेक दाबला. फॉर्क अलगद खाली बसला. एक ठोका नाही, एक थरथर नाही. इंजिन चालू ठेवून गुरुजींनी पाय जमिनीला टेकवला आणि विजयी मुद्रेनं माझ्याकडं पाहिलं. गाडी जागच्या जागी उभी होती. तेवढ्यात मागून वहिनी डोळे न उघडताच ओरडल्या,

"अहो, गॅरेज मागं गेलं की! दाबा ना आता ब्रेक!"