तण वाढवायची नोकरी

आमच्या लॉन-सेक्शनात काम किती होतं ते आमच्या सेक्शनप्रमुख सरांनाच माहीत, पण किस्से मात्र रोज होतात! अकराला कॉफीला बसलो, की कुणीतरी "अरे, ते परवाचं ऐकलंस का?" म्हणून सुरू होतं, आणि जेवणाची वेळ झाली तरी कुणी हलत नाही. त्यातले पाच तुम्हाला सांगतो.

आधी काम काय ते समजून घ्या. बेंगळुरात व्हाइटफील्डच्या पलीकडं आमच्या संस्थेचे बारा वाफे आहेत, सगळ्यांत हरळीचं लॉन. चार ओले ठेवायचे, चार बेताचे, चार कोरडे. मग त्यात आपल्याच हातानं तणाचं बी पेरायचं आणि बघायचं, की मातीत ओल किती असली म्हणजे तण लॉनला गिळतं! प्रत्येक वाफ्याच्या मधोमध ओल मोजायचं मीटर. ही सगळी पुण्याच्या स्नेहाची पीएचडी. पोरीला हैदराबादला नोकरी मिळालेली, पण अट एकच: जुलैच्या आत थीसिस मंजूर पाहिजे. नाहीतर नोकरी गेली. म्हणजे तिचं सगळं भवितव्य तणावर! मी तिथला टेक्निकल असिस्टंट, मूळचा निपाणीचा.

*

माझ्या सासूबाईंना शेजारणीनं विचारलं, "जावई बेंगळुरात काय करतात?"

सासूबाई प्रामाणिक. म्हणाल्या, "तण वाढवतात."

शेजारीण म्हणाली, "त्यासाठी एवढ्या लांब कशाला गेले? आमच्या मळ्यात या म्हणावं, दोन एकर तयार आहे!"

तेव्हापासून निपाणीला गेलो, की मी 'कॉम्प्युटरमध्ये आहे' म्हणून सांगतो.

*

आमचे माळी बसप्पाण्णा खानापूरकडचे. तीस वर्षं तण उपटण्यात गेली. त्यांना स्नेहानं बजावलं, "अण्णा, या बारा वाफ्यांतलं काहीही उपटायचं नाही. हातसुद्धा लावायचा नाही!"

अण्णा कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणाले. दुसऱ्या दिवशी मुलीशी फोनवर बोलत बोलत पाचव्या वाफ्याशेजारी बसले, आणि फोन संपेपर्यंत निम्मा वाफा स्वच्छ! स्नेहा रडकुंडीला आली. अण्णा स्वतःच्या हाताकडं बघत बसले, बिचारे.

त्या दिवसापासून ते हात पाठीमागं बांधून वाफ्यांतून फिरतात. मी म्हटलं, "आता बरं वाटतंय का अण्णा?"

"कसलं बरं? हात बांधलो की. डोळं कुणी बांधायचं?"

*

तिसरा वाफा कोरडा. पण रोज अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याच्या मीटरवर ओल चढायची! रविवार सोडून रोज. स्नेहानं ग्राफ काढले, मीटर बदललं, खालून पाण्याचा झरा असेल म्हणून पहार मारून बघितली. काही नाही.

शेवटी ती झाडाआड लपून बसली. अकरा दहाला आमचे सर आले, कॉफी संपवली, स्टीलचा टंबलर विसळला आणि पाणी बरोब्बर मीटरच्या बुडाशी ओतलं!

"सर!!" स्नेहा बाहेर आली.

सर क्षणभर गडबडले. पण सरच ते! म्हणाले, "बघितलंस, मीटर किती सेन्सिटिव्ह आहे? मीच टेस्ट करत होतो!"

*

एका मोठ्या अपार्टमेंटचे सेक्रेटरी आले. लॉनचे फोटो दाखवले. लॉन कुठं दिसेना, नुसतं रुंद पानाचं तण.

स्नेहानं विचारलं, "पाणी किती देता?"

"सकाळ-संध्याकाळ, दहा दहा मिनिटं."

"तेच चुकतंय. वरची माती कायम ओली राहते, म्हणून तण मजेत आहे. आठवड्यातून दोनदाच द्या, पण खोलवर मुरू द्या."

"छे छे! स्प्रिंकलर बघत चहा प्यायला रहिवाशांना आवडतं!"

महिन्यानं मी तिथं गेलो. लॉन तसंच, पाणीही तसंच. फक्त नवी पाटी होती: 'नेटिव्ह ग्रास गार्डन. कृपया उपटू नये.'

*

आणि हा सगळ्यांत भारी! जूनमध्ये बाहेरचे परीक्षक आले. धारवाडचे, मराठी उत्तम, हसू अजिबात नाही. सातव्या वाफ्यापाशी थांबले.

"हा कोरडा वाफा. मीटरही कोरडंच सांगतंय. मग या कोपऱ्यात ओलीत वाढणारं तण एवढं माजलंय कसं? एकतर मीटर खोटं, नाहीतर 'ओल असेल तिथंच हे तण' हा तुमचा निष्कर्ष खोटा. आणखी एक सीझन करा."

आणखी एक सीझन म्हणजे हैदराबाद गेलं! स्नेहाचा चेहरा पांढरा पडला. सर बुटांकडं बघायला लागले. मला तर तिच्याकडं बघवेना.

"सर, स्वल्प थांबा," बसप्पाण्णा पुढं आले. उकिडवे बसले आणि सतरंजीचा कोपरा उचलावा तसा लॉनचा कोपरा उचलला. खाली चिखल. चिखलात जुना पाइप, सांध्यातून टप टप पाणी. आणि पाइपाला टेकून, डोळे अर्धे मिटून बसलेला तळहाताएवढा बेडूक!

"रोज संध्याकाळी ह्या फटीतनं आत जातोय ह्यो. कोरड्यात ऱ्हाईल व्हय? मीटर मधी बसलंय, ते मधलं सांगतंय. तण कोपऱ्यात बसलंय, ते कोपऱ्यातलं सांगतंय. दोगंबी खरंच बोलायलेत की!"

"अण्णा!" स्नेहा ओरडली, "आधी का नाही सांगितलं?"

"तुम्हीच म्हटलासा, हात लावायचा न्हाई!"

परीक्षक इस्त्रीच्या पँटसकट खाली बसले. चिखलात बोट घालून बघितलं. मग बराच वेळ बेडकाकडं बघत राहिले. बेडूकही त्यांच्याकडं बघत राहिला.

शेवटी त्यांनी लॉनचा कोपरा स्वतःच्या हातानं हळूच परत घातला, वरून थोपटला, फाइल मागून घेतली आणि तिथंच बसल्या बसल्या सही केली.

उठताना सरांना म्हणाले, "थीसिस मंजूर. पाइप मात्र दुरुस्त करायचा नाही!"